शे-जिंग म्हणजे इच्छाधारी नागीण नव्हे

प्रश्न असा आला: चीनमधल्या हांगचौच्या श्वेतसर्पिणीच्या कथेत नायिका बाइ सूझेनला 'शे-जिंग' म्हणतात, त्याला मराठीत 'इच्छाधारी नागीण' म्हणावं का?

अजिबात नाही. मालिकांनी हा शब्द इतका गुळगुळीत केलाय की माणसाचं रूप घेणारा कुठलाही साप दिसला की तोच चिकटवतात. शिवाय आपला 'नाग' चिनी बौद्ध ग्रंथांत 'लुंग', म्हणजे ड्रॅगन, झाला. नागार्जुन तिथे 'लुंगशू' आहेत. 'शे' म्हणजे साधा साप. ('बाइ' म्हणजे पांढरी, तिचा आपल्या बाईशी संबंध नाही.)

खरी गंमत 'जिंग'मध्ये आहे. या अक्षराच्या डावीकडे तांदळाची खूण असते! मूळ अर्थ निवडलेला, सडीक तांदूळ. कन्फ्यूशियसच्या 'लुन-यू'च्या दहाव्या प्रकरणात हा शब्द याच अर्थाने येतो: भात कितीही सडीक असो, त्यांना तो नकोसा होत नसे. कोंडा गेला, उरलं ते सत्त्व. पुढे वीर्य, चैतन्य, आणि तप करून माणसाचं रूप मिळवलेला प्राणीही 'जिंग'च. मद्यार्क म्हणजे 'ज्यो-जिंग', चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो म्हणजे 'वेइ-जिंग', चवीचा अर्क. आणि बिलंदर माणूस? 'रन-जिंग'! आपणही म्हणतोच की, "नुसता अर्क आहे तो!" दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने गेल्या.

अक्षराच्या उजवीकडे 'छिंग' आहे. कोशकार सांगतात, तो फक्त उच्चारापुरता. मला हे मुळीच पटत नाही. त्याच 'छिंग'ला पाण्याची खूण लावा, नितळ. सूर्याची लावा, निरभ्र. तांदळाची लावा, सडीक. तिन्हीकडे स्वच्छपणा आहे. उजव्या बाजूला अर्थ असतो असं मानणारा जुना चिनी पक्ष आहे, त्याला हसण्यावारी नेणाऱ्यांनी या तीन अक्षरांचा हिशेब द्यावा. आणि सूझेनच्या सखीचं, हिरव्या सर्पिणीचं नाव श्याओछिंग, तोच 'छिंग'!

म्हणून बाइ सूझेनचं हजार वर्षांचं तप मला उखळातल्या कांडपासारखं दिसतं. इच्छा झाली की रूप पालटायचं, असं तिचं नाहीच. उलट, आषाढी-कार्तिकीसारख्या ठरलेल्या तिथीला, पाचव्या महिन्याच्या पंचमीला, मनशीळ (आर्सेनिकचं तांबडं खनिज) घातलेली दारू पोटात गेली आणि मनाविरुद्ध तिचा साप झाला. ते पाहून नवरा श्यू श्यान भीतीने गतप्राण झाला. हिला इच्छाधारी कसं म्हणायचं? मी 'सिद्धसर्पिणी' लिहितो.