नोव्हेंबरात काउंटरवर बसताना

अरे, नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. बँक उघडायच्या आधीच पेन्शनर शटरपाशी उभे असतात. परवा ते आजोबा ओरडले, तू नियम ऐकवलास आणि भांडण वाढलं. नियम बरोबरच होता रे. पण झिजलेला अंगठा मशीनवर चारदा उमटला नाही, की आपण जिवंत आहोत हेही पटवून द्यावं लागतं; ते माणसाच्या मनाला लागतं. आधी खुर्ची दे, मग बोल. बोटं पुसून दुसरं बोट लावून बघ, नाहीतर कागदी फॉर्म आहेच.

आणि हा राग घरी नेऊ नकोस. मी पाच वर्षं नेला. आता दारातच सांगतो, "डोकं तापलंय, चहा होईस्तोवर गप्प बसतो." बायको आलं जरा जास्तच किसते.