आमाले काही झालंच नाही, मंग गोळ्या कायले?

प्रश्न: डॉक्टर, आमचं गाव भंडारा जिल्ह्यात. सासूबाईंचा उजवा पाय हत्तीरोगाने सुजलाय, बरीच वर्षं झाली. आता आशाताई येतात, घरातल्या सगळ्यांना गोळ्या देतात अन् समोरच खा म्हणतात. जाऊबाईंना त्या खाऊन ताप आला, चक्कर आली, तेव्हापासून सगळे गोळ्या घेऊन खिशात टाकतात. आमाले काही झालंच नाही तर कायले खायच्या? आणि पोरीचं लग्न बघतोय, पाहुणे विचारतात हे घराण्यात आहे का, काय सांगू?

उत्तर: ताई, गोळ्या खरं तर तुमच्यासाठीच आहेत, सासूबाईंचा पाय त्यांनी उतरणार नाही. हा आजार दोऱ्यासारख्या बारीक जंतांचा, क्युलेक्स डास चावताना तो एकाचा दुसऱ्याला देतो. मोठे जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, पाच-सात वर्षं मुक्काम ठोकतात आणि त्यांची लाखो पिल्लं रक्तात फिरतात, तेही मुख्यतः रात्री, म्हणून तर आरोग्यवाले रात्री रक्त घ्यायला येतात आणि लोक वैतागतात की ही काय यायची वेळ झाली. गंमत अशी की ज्याच्या रक्तात पिल्लं असतात तो बऱ्याचदा ठणठणीत दिसतो, शेतात जातो, कामं करतो, आणि डासाला जंत मिळतात ते त्याच्याकडून. सूज दिसायला कैक वर्षं जातात.

जाऊबाईंना ताप आला तो बऱ्याचदा रक्तातली पिल्लं मरताना येतो, म्हणजे गोळीला करायला काम होतं! सहसा एक-दोन दिवसांत उतरतो, जास्त वाटलं तर आरोग्य केंद्रात दाखवा. गोळ्या उपाशीपोटी नकोत, दोन वर्षांखालचं लेकरू, गरोदर बाई आणि फार आजारी माणूस यांना द्यायच्याच नाहीत. आधी डीईसी आणि अल्बेंडाझोल अशा दोनच असायच्या, 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन जोडून तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, म्हणून कुठे कुठे आशाताई पट्टी लावून उंची मोजतात, आयव्हरमेक्टिनचा डोस उंचीवर ठरतो. खिशातल्या गोळीचा मात्र काही उपयोग नाही.

आता सासूबाई. त्यांच्याकडे खरं लक्ष द्या, कारण मध्येच थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, ठणकतो, तो त्रास बहुधा जंतांचा नसतो, बोटांच्या बेचक्यातल्या चिरांतून बॅक्टेरिया शिरतात त्याचा असतो, आणि असा प्रत्येक झटका सूज वाढवून जातो. रोज साबण आणि साध्या पाण्याने पाय धुवायचा, घासायचा नाही, मऊ फडक्याने टिपायचा, बोटांच्या मधेसुद्धा, तिथेच ओल राहते. चीर दिसली तर मलम. बसताना पाय स्टुलावर, झोपताना खाली उशी, घोटा वरखाली हलवायचा, अनवाणी फिरायचं नाही. ताप आलेला असताना व्यायाम आणि मालिश बंद, सरळ दवाखाना. पुरुषांना याच जंतांमुळे हायड्रोसील होतं, म्हणजे अंडकोषाभोवती पाणी साठून सूज येते, लाजेपायी वर्षानुवर्षं लपवतात, खरं तर ऑपरेशनने ते बरं होतं.

पाहुण्यांना सांगा, हा घराण्यातला आजार नाही, शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. एकाच घरात दोघांना दिसतो कारण डास तेच. हा डास घाण पाण्यात वाढतो, तुंबलेल्या नालीत, संडासाच्या टाकीत, तेव्हा टाकीच्या गॅसपाइपला आजच जाळी बांधा, जुन्या साडीचा तुकडाही चालतो. मुलीचं रक्त रात्रीच्या तपासणीत द्या हवं तर, पण त्यासाठी स्थळ थांबवू नका.