वडिलांचं घर तारण ठेवू का?

प्रश्न: मी ३४ वर्षांचा, चिंचवडला इंजिनिअरिंग कंपनीत नोकरीला. मित्राबरोबर कांदाचाळीतली सड लवकर ओळखणारा सेन्सर तयार केला आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ स्टार्टअप करावा म्हणतो. पत्नी शिक्षिका, पगार ५२ हजार. मुलगी चार वर्षांची. घराचा हप्ता ३८ हजार, घरखर्च ४५ हजार, शिल्लक १४ लाख. बँक ४० लाख द्यायला तयार आहे, पण वडिलांचं नाशिकचं घर तारण मागते. वडील हो म्हणाले आहेत. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे बुडाली तरी आमच्यावर काही येणार नाही ना?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: येईल. बँकेत वैयक्तिक हमीपत्रावर सही केलीत की त्या कर्जापुरतं ‘लिमिटेड’चं संरक्षण संपलं. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ प्रमाणे हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेला आधी कंपनीच्या मागे लागावं लागत नाही, ती थेट तुमच्या दारात येऊ शकते. घर तारण असेल तर पुढचं फार वेगाने होतं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज), मग तारणावरून कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर कोर्टात दावा न लावताही ताबा आणि लिलाव.

मी बँकेच्या कर्जविभागात काम केलं आहे. हमीपत्रांच्या गठ्ठ्यावर सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असायच्या. आईवडील फुली बघत, पानं उलटत सह्या करत जायचे. वरचा मजकूर क्वचितच कुणी वाचायचं. शेजारी मुलगा बसलेला, त्याच्या डोळ्यांत स्वप्न. अशा वेळी कुठला बाप नाही म्हणेल? म्हणून तुमच्या वडिलांच्या होकाराला मी होकार समजत नाही. घर तारण ठेवू नका. धंदा बसला तर तुम्हाला पुन्हा नोकरी मिळेल, त्यांना या वयात दुसरं घर उभं करता येणार नाही.

मग धोका घ्यायचाच नाही? घ्या, पण किती गेलं तर चालेल ते आज ठरवून. हप्ता आणि खर्च मिळून ८३ हजार, पत्नीचा पगार वजा जाता महिन्याला ३१ हजारांची तूट. दीड वर्षाचे साधारण ५ लाख ६० हजार होतात. सहा लाख वेगळ्या मुदत ठेवीत टाका आणि कंपनीसाठी त्यांना हात लावू नका. उरले आठ लाख, तीच तुमची मर्यादा.

आठ लाखांत काय होणार, असं वाटेल. पण तुमच्या धंद्याचं वेळापत्रक कांदा ठरवतो. उन्हाळी कांदा एप्रिल-मे मध्ये चाळीत जातो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत निघतो. सेन्सर खरंच सड वाचवतो का आणि शेतकरी त्याचे पैसे मोजतो का, हे एका हंगामात कळतं. लासलगाव-निफाड पट्ट्यातल्या थोड्या चाळी घ्या, आणि सेन्सर फुकट बसवू नका. जमलं तर हा हंगाम मित्राला पूर्णवेळ उतरू द्या, तुम्ही शनिवार-रविवार द्या. नंतर कर्ज लागलंच तर सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जहमी योजनेखाली तारणाशिवाय मिळतं का ते विचारा. तिथेही तुमची स्वतःची हमी मागितली जाऊ शकते, पण वडिलांचं घर बाहेर राहतं.

राजीनाम्याआधी, पगाराच्या स्लिपा हातात असतानाच, टर्म विमा घ्या आणि तो विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ खाली घ्या. त्या पॉलिसीचे पैसे पत्नी आणि मुलीचे राहतात, सहसा कर्ज देणाऱ्यांचा त्यांवर हक्क पोचत नाही. ही नोंद अर्ज भरतानाच करावी लागते. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जाईल, म्हणून स्वतंत्र पॉलिसीही आत्ताच काढा. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

माणसं नेमलीत तर त्यांच्या पगारातून कापलेला टीडीएस आणि पीएफ वेळेत भरा. तंगीत तो वापरावासा वाटतो, आणि खटला संचालकांवर होतो. पुढच्या तारखेचे चेकही जपून द्या. वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेकच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तुमच्या पत्रात वडिलांचा होकार आहे, पत्नीचं मत कुठेच नाही. दीड वर्ष घर तिच्या पगारावर चालणार आहे. वरचे आकडे तिच्यासमोर मांडा, आणि तिला नावापुरती संचालक किंवा हमीदार करू नका.