एआयएसमध्ये सगळे दिसत असताना विवरणपत्रासाठी कागद कशाला जमवायचे?

प्राप्तिकर विवरणपत्र भरण्यापूर्वी कोणते कागद हाताशी असावेत, आणि पगार, व्याज, लाभांश हे सगळे प्राप्तिकर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती पत्रकात, आधीच दिसत असेल तर कागदांची यातायात करावीच का, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा दोन महिने अबोला होता. तुमच्या पॅनवर बँका, कंपन्या आणि इतर संस्थांनी काय कळवले एवढेच एआयएस सांगते. ते उत्पन्न खरोखर कोणाचे आणि किती, हे कागदांवरूनच ठरवावे लागते, आणि निव्वळ एआयएस पाहून विवरणपत्र भरणे मला साफ चुकीचे वाटते.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी ते गेले. त्यांचे शेवटचे विवरणपत्र ३१ जुलै २०२३ पर्यंत भरायचे होते. अशा वेळी १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न वारसाने मृताच्या नावाने दाखवायचे असते, आणि त्यानंतरचे उत्पन्न ज्याच्याकडे मालमत्ता जाते त्याच्या नावाने. बाबांनी मृत्युपत्राने सर्व ठेवी आईला दिल्या होत्या, पण दुःखात आणि धावपळीत बँकांना कळवायला जानेवारी उजाडला. परिणामी एआयएसमध्ये तोपर्यंतचे १,१२,६४० रुपयांचे व्याज बाबांच्याच पॅनवर दिसत होते. शिवाय एका बँकेचे व्याज दोन ठिकाणी आले होते, एकदा व्याज म्हणून आणि एकदा टीडीएसच्या, म्हणजे उगमस्थानी करकपातीच्या, नोंदीत, आणि ती रक्कम एकच आहे हे ठेवपावती समोर धरल्याशिवाय कळले नसते.

दादाचे म्हणणे होते की जे दिसते ते भरून मोकळे व्हावे. ज्येष्ठ नागरिक म्हणून बाबांना व्याजावर ५० हजारांची वजावट मिळतेच, कर शून्यच येणार, मग जुने कागद उकरायचे कशाला? मी ऐकले नाही. बाबांची लोखंडी पेटी उघडली तेव्हा प्रत्येक ठेवपावती बँकेनुसार टाचलेली होती, आणि प्रत्येकीच्या मागे लाल शाईत व्याजाचा दर, मुदत संपण्याची तारीख आणि १५एच, म्हणजे व्याजावर कर कापू नये असा ज्येष्ठांचा अर्ज, दिल्याची तारीख लिहिलेली होती. एका वहीत पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा हिशेब होता: जुलै २०२० मध्ये गुंतवलेले एक लाख, ६.८ टक्के दर, पहिल्या वर्षी ६,८००, दुसऱ्या वर्षी ७,२६२ रुपये. हे व्याज हातात येत नसले तरी दरवर्षी उत्पन्नात धरता येते आणि पुन्हा गुंतवले गेल्यामुळे बचतीसाठीच्या ८०सी कलमाखाली वजावटीलाही पात्र ठरते. त्याची एआयएसमध्ये एक ओळही नव्हती.

मृत्यूच्या तारखेपर्यंतचे व्याज वेगळे दाखवणारा दाखला मिळवायला मला एका बँकेत चार खेपा घालाव्या लागल्या. सिस्टिममधून वर्षाचाच दाखला निघतो, असे तीनदा ऐकले. चौथ्या वेळी लेखी अर्ज दिल्यावर शाखाधिकाऱ्यांनी सही-शिक्क्यानिशी तो दिला. त्यावरून बाबांचे व्याज ७४,३१० रुपये निघाले आणि उरलेले ३८,३३० आईचे. आईने वारस म्हणून पोर्टलवर नोंदणी केली. त्यासाठी मृत्यूचा दाखला, दोघांची पॅन कार्डे आणि तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश लागला. उरलेले व्याज दुसऱ्या पॅनचे आहे, असा अभिप्राय आम्ही एआयएसमध्ये नोंदवला आणि ती रक्कम आईच्या विवरणपत्रात दाखवली.

आईलाही कर लागला नाही, मग फरक काय पडला, असे दादा आजही विचारतो. फरक असा की विवरणपत्राच्या शेवटी, दिलेली माहिती आपल्या माहितीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे असे प्रतिज्ञापन असते, आणि ते आईच्या नावाने जाणार होते. जे व्याज बाबांचे नव्हते ते त्यांचे म्हणून दाखवा आणि खाली आईला खरेपणाची हमी द्यायला लावा, हे मला मान्य नव्हते. दादा, कर शून्य येतो म्हणून खोटा आकडा खरा होत नाही, हे तेव्हाही म्हटले होते आणि इथेही लिहिते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. नोकरी असेल तर फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यावरच्या करकपातीचा दाखला), बचत खात्यांसह प्रत्येक बँकेचा व्याजाचा दाखला, व्याजासारख्या इतर उत्पन्नावर टीडीएस कापला असेल तर त्याचा दाखला म्हणजे फॉर्म १६ए, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला, शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले असतील तर भांडवली नफ्याचे पत्रक, आणि घरभाडे भत्त्यावर सूट घेत असाल आणि तुम्ही भरलेले वर्षाचे भाडे एक लाखाहून जास्त असेल तर घरमालकाचा पॅन. विवरणपत्राला यातले काही जोडायचे नसते, तरी जपून ठेवावे. बाकीची यादी तुमच्या उत्पन्नावर अवलंबून आहे.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. नवी करप्रणाली लागू असेल तर ८०सी आणि ज्येष्ठांची व्याजावरची वजावट मिळत नाही, त्यामुळे त्या वजावटींच्या पावत्यांचा विवरणपत्राला उपयोग नाही. व्याजाचे दाखले मात्र तरीही लागतात. आणि मृत्युपत्र नसेल किंवा वाटणी व्हायची असेल तर व्याज कोणाच्या नावे दाखवायचे हे आमच्यासारखे सरळ नसते, तिथे सनदी लेखापालाला विचारा. घरात कोणी गेले असेल, तर बँकेत मृत्यूचा दाखला देताना त्याच खेपेत त्या तारखेपर्यंतच्या व्याजाच्या दाखल्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.