वाचक विचारतात : पर्यावरण धावेत उतरण्याआधी

प्रश्न : पणजीत मांडवीच्या काठाने होणाऱ्या एका पर्यावरण धावेचे पत्रक माझ्या मुलाने शाळेतून आणले आहे. अंतर ३ किंवा ५ किलोमीटर, शुल्क माणशी शंभर रुपये आणि त्यात टी-शर्ट व पदक, असे त्यात म्हटले आहे. मुलगा ११ वर्षांचा आहे; त्याच्यासोबत मी आणि ६४ वर्षांच्या माझ्या सासूबाई अशा तिघांनीही जावे, असा त्याचा हट्ट आहे. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि मी शाळा सुटल्यापासून कधी धावलेले नाही. हाताशी सहा आठवडे आहेत. आम्ही भाग घ्यावा का, त्यासाठी महागडे बूट घ्यावे लागतील का, आणि अशा धावेने पर्यावरणाचे खरोखर काही भले होते का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : तिघांनीही अवश्य जावे, मात्र नाव ३ किलोमीटरसाठीच नोंदवावे. अशा धावेत स्पर्धा नसते आणि मागे राहिलेल्याला कोणी हटकत नाही. ३ किलोमीटर अंतर सावकाश चालत गेले तरी पाऊण तासात पार पडते, त्यामुळे सासूबाईंनी पूर्ण वाट चालत जाण्यात काहीच कमीपणा नाही. त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, त्या दिवशीची गोळी धावेच्या गडबडीत चुकवू नये, आणि छातीत दडपल्यासारखे वाटले किंवा चक्कर आली तर तेथेच बसून जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक तुम्हा तिघांनाही पाठ असावा.

तुमच्यासाठी सहा आठवडे पुरेसे आहेत. एक दिवसाआड, घराजवळच्या सपाट रस्त्यावर, एक मिनिट हळू धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे, असे वीस ते पंचवीस मिनिटे करावे; पुढच्या आठवड्यांत धावण्याची मिनिटे थोडी थोडी वाढवत न्यावीत. वेग किती असावा याची खूण सोपी आहे : धावताना मुलाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. आपल्याकडे हवा दमट असल्यामुळे अंगावरचा घाम लवकर वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. म्हणूनच घाटावर धावणाऱ्यापेक्षा गोव्यात धावणाऱ्याला त्याच वेगात अधिक दम लागतो. हे ध्यानात ठेवून सराव पहाटेच करावा. धावेच्या दिवशी तासभर आधी एक केळे खावे, घोट घोट पाणी प्यावे आणि परतल्यावर चिमूटभर मीठ घातलेले कोकम सरबत घ्यावे. मुलगा सुरुवातीलाच भरधाव सुटेल आणि अर्ध्या किलोमीटरवर दमून उभा राहील. त्याला पहिली दहा मिनिटे आजीबरोबर चालायला लावणे उत्तम.

महागड्या बुटांची मुळीच गरज नाही. घरात असलेले खेळाचे बूट तळाशी झिजून गुळगुळीत झालेले नसतील आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा असेल, तर ते पुरेत. त्या दिवशी नवे बूट मात्र घालू नयेत, कारण हमखास फोड येतात. अंगात जाड सुती सदरा असल्यास तो घामाने जड होऊन घासतो, म्हणून हलका आणि सैल कपडा निवडावा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मांडवीच्या काठी, विशेषतः रायबंदरच्या बाजूला, रस्ता संपतो तेथे मिठागरे आणि खारफुटी सुरू होते. पाण्याच्या टेबलापाशी दोन घोट घेऊन रस्त्याकडेला टाकलेला कागदी पेला वाऱ्याने सरकत गटारात जातो आणि भरतीच्या पाण्याबरोबर खारफुटीत शिरतो. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली खारफुटीची मुळे तुम्ही पाहिली असतील. झाड त्यांच्यातून श्वास घेते. तरंगत आलेल्या पिशव्या, वेष्टने आणि पेले नेमके याच मुळांत अडकतात, आणि त्यांवर प्लास्टिकचा थर साचला की झाड गुदमरते. पेला कागदी आहे, म्हणून चालेल, असे समजू नये; पाणी झिरपू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा पातळ लेप दिलेला असतो. पर्यावरणाच्या नावाने निघालेली धाव ही अशी वाट मागे ठेवून गेली, तर पत्रकावरच्या हिरव्या पानांना काय अर्थ उरतो?

म्हणून नोंदणी करतानाच आयोजकांना विचारा : पाणी कशात देणार आहात, टी-शर्ट नको असल्यास शुल्क कमी होईल का, आणि उरलेल्या पैशांचे काय करणार आहात? विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगला आयोजक अशा प्रश्नांनी सुखावतो. धावेचे टी-शर्ट बहुधा पॉलिएस्टरचे असतात आणि ते दर धुण्याला सूक्ष्म तंतू पाण्यात सोडतात, त्यामुळे घरात दोन-तीन पडून असतील तर चौथा न घेणे हेच शहाणपणाचे. तुम्ही तिघांनी एकेक स्टीलची बाटली घरूनच न्यावी. डिचोलीहून पणजी सुमारे ३० किलोमीटर आहे. ३ किलोमीटर धावण्यासाठी येऊन-जाऊन ६० किलोमीटर गाडी हाकायचीच असेल, तर शाळेतल्या आणखी एका पालकाला सोबत घेऊन गाडी भरूनच जावी.

आणि भले होते का? धाव संपल्यावर हवा शुद्ध होत नाही, हे खरे. परंतु एरवी ज्या काठावरून आपण गाडीच्या काचेआडून जातो, तो काठ पायी तुडवताना मुलाला बगळे दिसतात, गटाराचे तोंड कुठे उघडते ते दिसते, आणि पुढे तो प्रश्न विचारू लागतो. शंभर रुपयांत यापेक्षा चांगले शिक्षण मला ठाऊक नाही.

प्रश्न : आमच्या पेडणे तालुक्यातील युवक मंडळाने जानेवारीत मोरजीच्या किनाऱ्यावर सूर्योदयापूर्वी दोनशे जणांची स्वच्छता धाव घेण्याचे ठरवले आहे. शुल्क ५० रुपयांच्या वर न्यायचे नाही. काय काळजी घ्यावी? — मंडळाचे एक सदस्य

उत्तर : शुल्काबद्दल तुमचे अभिनंदन, जागेबद्दल मात्र फेरविचार करावा, अशी मनापासून विनंती आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे कासवांच्या विणीचे म्हणून २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत नोंदलेले आहेत, आणि जानेवारी हा ऑलिव्ह रिडले माद्यांच्या विणीचा ऐन हंगाम. मादी रात्री वर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि पुन्हा समुद्रात जाते. सूर्योदयापूर्वी विजेऱ्या घेतलेले दोनशे लोक त्या वाळूवरून धावले, तर हेतू कितीही चांगला असला तरी वर येणारी मादी माघारी फिरेल आणि अंड्यांवरची वाळू दाबली जाईल. किनाऱ्यावर पसरणाऱ्या मर्यादवेलीने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकाडांवरही पाय पडू नये.

त्यापेक्षा गावातील रस्ता किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधालगतची वाट निवडावी. तेथे कचराही भरपूर सापडेल : मानशीच्या, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, दारापाशी ओहोटीच्या वेळी पाहिले, तर गावाने वर्षभर ओढ्यात टाकलेले सारे तेथे अडकलेले दिसते. धावता धावता कचरा वेचण्याचा हा प्रकार २०१६ च्या सुमारास स्वीडनमध्ये रुजला आणि आता सगळीकडे पसरला आहे. त्यात वाकणे फार असते, म्हणून ३ किलोमीटर पुष्कळ झाले. हातमोजे प्रत्येकाला द्यावेत, काच आणि सुया मुलांनी उचलू नयेत, आणि गोळा केलेला कचरा पंचायतीची गाडी कधी व कुठून उचलेल हे धावेआधीच ठरवून घ्यावे. भरलेल्या गोणी रस्त्याकडेला पडून राहिल्या, तर दुसऱ्याच दिवशी भटकी कुत्री आणि गुरे त्या फोडतात.

खर्च कमी ठेवण्याचा उपाय तुमच्या देवळातच आहे. महाप्रसादाचे स्टीलचे पेले आणि पाण्याची पिंपे मागून घ्या, धुण्यासाठी चार स्वयंसेवक बसवा, म्हणजे बाटल्यांचा खर्च उरत नाही. पदक द्यायचेच असेल, तर गावातील कारागिराकडून करवंटीचे करून घ्यावे. पंचायत आणि पोलिसांची परवानगी लागेलच. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून पावणेसातला सुरुवात करावी. सकाळी सहापूर्वी ध्वनिक्षेपक लावण्यास कायद्याने बंदी आहे, हे तयारी करणाऱ्यांना सांगून ठेवावे.

प्रश्न : २२ एप्रिलच्या वसुंधरा दिनाच्या धावेत प्रत्येकाला रोपटे मिळणार आहे. आम्ही सदनिकेत राहतो. घ्यावे का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : लावायला जागा आणि पाणी घालायला माणूस नसेल, तर नम्रपणे नाकारावे. एप्रिलच्या उन्हात लावलेले रोप रोज पाणी मिळाले तरच जगते. आयोजकांना सुचवून पाहा की, रोपांऐवजी चिठ्ठी द्यावी आणि जूनमध्ये, पहिले चार-पाच चांगले पाऊस पडून जमीन ओली झाल्यावर, त्या चिठ्ठीवर कोकम, जांभूळ किंवा फणसाचे रोप द्यावे. गावी कुणाचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, असेल, तर तेव्हा ते तेथे लावता येईल.