वाचकांचे प्रश्न : सर्वेक्षणातील नोंदी आपोआप हाती याव्यात म्हणून

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी घाटंजी तालुक्यात (जि. यवतमाळ) कापूस उत्पादकांसोबत काम करते. गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवण्यासाठी गावोगावचे स्वयंसेवक कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे) अडकलेल्या पतंगांची संख्या मोबाइलवरून लाइमसर्व्हे या ऑनलाइन सर्वेक्षण प्रणालीतील प्रश्नावलीत भरतात. रोज सायंकाळी कार्यालयातील एक ताई लॉगिन करून नोंदींची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले स्तंभ असलेली साधी मजकूर फाइल) उतरवून घेतात, ती एक्सेलमध्ये पाहतात आणि ज्या गावात संख्या वाढली तेथील शेतकऱ्यांना कळवतात. त्या रजेवर गेल्या की सारे काम थांबते. हे आपोआप होऊ शकेल का? आमच्या ओळखीच्या एका जाणकाराच्या मते थेट डेटाबेसमधून नोंदी वाचणे सर्वांत सोपे आहे. ते योग्य ठरेल का?
— एक वाचक, घाटंजी

उत्तर : होऊ शकेल, आणि आपल्या कामाचे स्वरूप पाहता ते लवकर व्हायला हवे. गुलाबी बोंडअळीसाठी सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात रोज ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. या तीन दिवसांपैकी एका दिवसाची नोंद जरी कुणी पाहिली नाही, तरी पातळी ओलांडली गेली की नाही हेच ठरवता येत नाही, आणि अळी एकदा बोंडात शिरली की फवारणीचा उपयोग फारसा उरत नाही. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कापसाची काय अवस्था केली, हे घाटंजीच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

थेट डेटाबेस वाचण्याचा सल्ला मात्र मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लाइमसर्व्हे सुरू केलेल्या प्रत्येक सर्वेक्षणासाठी वेगळा तक्ता तयार करते आणि त्या तक्त्यातील स्तंभांची नावे प्रश्नांच्या अंतर्गत क्रमांकांवरून बनतात. पुढच्या हंगामात आपण याच प्रश्नावलीची प्रत काढून नवे सर्वेक्षण सुरू केले की हे सर्व क्रमांक बदलतील आणि जुना प्रोग्राम बंद पडेल. किंवा त्याहून वाईट म्हणजे, चुकीचा स्तंभ वाचत राहील. शिवाय कोणाला काय पाहता यावे याची जी परवानगीची व्यवस्था लाइमसर्व्हेमध्ये आहे, ती डेटाबेस थेट उघडल्यावर पूर्णपणे बाजूला पडते. बाहेरच्या प्रोग्रामने सर्वेक्षणाशी बोलावे यासाठी लाइमसर्व्हेने स्वतःच एक मार्ग ठेवला आहे, त्याचे नाव रिमोटकंट्रोल २. तोच वापरावा.

हा मार्ग मुळात बंद असतो. प्रशासकाने सर्वसाधारण सेटिंग्जमधील ‘इंटरफेसेस’ या भागात जाऊन तो सुरू करावा लागतो. तेथे जेसन-आरपीसी आणि एक्सएमएल-आरपीसी असे दोन पर्याय (विनंती व उत्तर लिहिण्याच्या दोन पद्धती) दिसतील, त्यांपैकी जेसन-आरपीसी निवडावा. त्यानंतर आपला प्रोग्राम (पायथन, पीएचपी किंवा आपल्या जाणकाराला सवयीची कोणतीही भाषा चालेल) ठरलेल्या पत्त्यावर एक छोटी विनंती पाठवतो. त्या विनंतीत आज्ञेचे नाव, त्या आज्ञेला लागणारी माहिती आणि विनंतीचा क्रमांक एवढेच असते. माहितीचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण येथे प्रत्येक गोष्ट नावाने नव्हे तर जागेवरून ओळखली जाते. ‘गेट सेशन की’ या आज्ञेने वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड देऊन एक तात्पुरती किल्ली मिळवायची, ती किल्ली जोडून ‘एक्सपोर्ट रिस्पॉन्सेस’ या आज्ञेने नोंदी मागवायच्या आणि काम झाले की ‘रिलीज सेशन की’ म्हणून किल्ली परत करायची, असा हा सरळ प्रवास आहे. प्रत्यक्ष लिहिताना ही नावे रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये अधोरेषा घालून लिहावीत. पासवर्ड विनंतीबरोबर जातो, म्हणून संकेतस्थळ एचटीटीपीएसवर (माहिती सांकेतिक करून पाठवणाऱ्या सुरक्षित जोडणीवर) असल्याखेरीज हे काही सुरू करू नये.

येथे दोन ठिकाणी नवखे लोक अडखळतात. नोंदी साध्या मजकुरात न येता बेस-६४ या पद्धतीने गुंडाळून येतात. त्या उलगडल्यावरच खरी सीएसव्ही किंवा जेसन फाइल हाती लागते. दुसरी बाब अधिक घातक आहे. पासवर्ड चुकला, किल्लीची मुदत संपली किंवा परवानगी नसली, तरीही सर्व्हर बहुतेक वेळा ‘२००’ हाच यशाचा संकेत देतो आणि चूक मात्र उत्तराच्या आत ‘स्टेटस’ या नावाखाली लिहिलेली असते. केवळ संकेत पाहणारा प्रोग्राम तेथे समाधान मानून थांबतो, आणि गावांत पतंग वाढत असताना कार्यालयात मात्र शून्य नोंदी दिसत राहतात. म्हणून उत्तरात ‘स्टेटस’ आहे का हे प्रत्येक वेळी तपासावे आणि असल्यास तो मजकूर लगेच एखाद्या माणसाच्या फोनवर पोहोचेल अशी सोय करावी. प्रोग्रामला चूक झाल्यावर पुन्हापुन्हा लॉगिन करायलाही लावू नये. काही फसलेल्या प्रयत्नांनंतर लाइमसर्व्हे काही काळ दार बंद करते आणि मग कार्यालयातील खऱ्या माणसांनाही बाहेर थांबावे लागू शकते.

प्रोग्रामसाठी वेगळा वापरकर्ता तयार करणे अनिवार्य समजावे. प्रशासकाचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहिणे म्हणजे गोदामातून एक पोते आणायला पाठवलेल्या माणसाच्या हाती घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा देणे होय. या नव्या वापरकर्त्याला त्याच एका सर्वेक्षणाच्या नोंदी पाहण्याची व निर्यात करण्याची परवानगी द्यावी, प्रश्न बदलण्याची किंवा नोंदी पुसण्याची देऊ नये. नोंदी मागवतानाही कोणते स्तंभ हवेत हे सांगता येते. पतंगांची संख्या, गाव व तारीख एवढेच इशाऱ्यासाठी लागत असेल, तर शेतकऱ्याचा फोन क्रमांक रोज दुसऱ्या संगणकावर नेण्याचे कारण नाही, आणि आधार क्रमांक तर मुळात प्रश्नावलीतच नसावा.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. रोज सगळ्या नोंदी आणण्याऐवजी कालच्या शेवटच्या नोंदीच्या क्रमांकापुढच्याच नोंदी आणाव्यात, असे कुणालाही वाटेल, आणि तशी सोय या आज्ञेत आहेही. परंतु लाइमसर्व्हेमध्ये नोंदीला क्रमांक मिळतो तो फॉर्म भरायला सुरुवात झाल्यावर, पूर्ण झाल्यावर नव्हे. समजा, एका स्वयंसेवकाने सकाळी शेतात फॉर्म सुरू केला, त्याला ४१० क्रमांक मिळाला, मग रेंज जाऊ लागली म्हणून त्याने तो अर्धवटच जतन करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी घरी पूर्ण केला. दरम्यान रात्री आपल्या प्रोग्रामने ४३५ पर्यंतच्या पूर्ण नोंदी उचलल्या. दुसऱ्या रात्री तो ४३६ पासून पुढे पाहील आणि ४१० कायमची राहून जाईल. रेंज जाणे ही आपल्याकडे अपवादाची गोष्ट नसल्याने हे हमखास घडेल. उपाय सोपा आहे : दर वेळी किमान गेल्या आठवड्याइतके मागे जाऊन केवळ पूर्ण नोंदी मागवाव्यात आणि आपल्या तक्त्यात नोंदीचा क्रमांक हीच ओळख मानून, तो क्रमांक आधी असेल तर जुनी ओळ बदलावी, नसेल तर नवी घालावी. मग प्रोग्राम एका रात्री दोनदा चालला तरी पतंग दुप्पट मोजले जाणार नाहीत.

सर्वेक्षण सुरू करण्यापूर्वी ‘डेट स्टॅम्प’ हा पर्याय चालू करावा. तो बंद असेल तर पूर्ण झालेल्या प्रत्येक नोंदीवर १ जानेवारी १९८० ही तारीख पडते, आणि सर्वेक्षण एकदा सुरू झाले की हा पर्याय बदलता येत नाही. प्रश्नांना सांकेतिक नावे देतानाही थोडा विचार करावा. निर्यातीत शीर्षक म्हणून हीच नावे घेता येतात आणि प्रश्नावलीची प्रत काढली तरी ती तशीच राहतात, त्यामुळे पुढच्या हंगामात प्रोग्राममध्ये केवळ सर्वेक्षणाचा क्रमांक बदलावा लागतो. सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर असेल तर ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणून सायंकाळी ७ वाजता प्रोग्राम चालवायचा तर तेथे दुपारी दीडची वेळ लावावी, आणि पहाटे साडेपाचच्या आत भरलेली नोंद आदल्या दिवसाच्या खात्यात जाते हेही ध्यानात ठेवावे.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर गावांच्या मराठी नावांऐवजी विचित्र चिन्हे दिसत असतील, तर फाइल बिघडलेली नसते. ती दोनदा क्लिक करून उघडण्याऐवजी ‘डेटा’ या भागातून आणावी आणि यूटीएफ-८ निवडावे.

प्रश्न : आम्ही पुसद भागात महिला बचत गटांचे सर्वेक्षण करतो. सदस्यांची यादी आमच्या स्वतःच्या प्रणालीत आहे. प्रत्येकीला तिचा वेगळा दुवा तयार करून पाठवता येईल का?
— एक वाचक, पुसद

उत्तर : येईल. रिमोटकंट्रोलमधील ‘अ‍ॅड पार्टिसिपंट्स’ या आज्ञेने आपल्या प्रणालीतील नावे सर्वेक्षणाच्या सहभागी यादीत घालता येतात आणि प्रत्येक नावासाठी तयार झालेले टोकन (त्या व्यक्तीपुरता वेगळा संकेतांक) त्याच उत्तरात परत मिळते. अडचण पुढे आहे. लाइमसर्व्हे स्वतः निमंत्रण पाठवते ते ईमेलने, आणि बचत गटातील बहुतेक भगिनी ईमेल वापरत नाहीत. म्हणून टोकन जोडलेला दुवा आपल्याच प्रणालीतून एसएमएसने पाठवावा लागेल. भारतात संस्थेने असे एसएमएस पाठवण्यासाठी डीएलटी नोंदणी (दूरसंचार कंपन्यांच्या व्यवस्थेत करायची नोंदणी) लागते. संस्था, पाठवणाऱ्याचे शीर्षनाम आणि संदेशाचा मसुदा या तिन्हींची नोंदणी आधी करून घ्यावी, नाहीतर संदेश वाटेतच अडवले जातात. ‘निनावी प्रतिसाद’ हा पर्याय चालू ठेवल्यास कोणी उत्तर दिले हे समजते, पण कोणते उत्तर कोणाचे हे जोडता येत नाही. कर्ज, घरातील हिंसा किंवा आरोग्य यांविषयी प्रश्न असतील तर तो चालूच ठेवावा, आणि तसे त्यांना आधी सांगावे.

प्रश्न : मेळघाटातील आमच्या गावांत दिवसदिवस नेटवर्क नसते. एपीआयचा (बाहेरच्या प्रोग्रामने नोंदी मागवण्याच्या मार्गाचा) आम्हाला काही उपयोग आहे का?
— एक वाचक, धारणी

उत्तर : आहे, पण साधन बदलावे लागेल. लाइमसर्व्हेचा फॉर्म भरताना इंटरनेट लागते. आपल्यासाठी ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स ही नेटवर्कशिवायही फॉर्म भरू देणारी सर्वेक्षण साधने योग्य ठरतील. त्यांचे अ‍ॅप कोरा फॉर्म फोनमध्ये ठेवते, भरलेल्या नोंदी साठवते आणि धारणीला आल्यावर नेटवर्क मिळाले की त्या पाठवते. कोबोमध्ये बाहेरच्या प्रोग्रामला नोंदी वाचण्यासाठी खात्याच्या सेटिंग्जमधून एक एपीआय किल्ली मिळते. शिवाय नवी नोंद आली की ती लगेच आपल्या सर्व्हरकडे ढकलण्याची सोयही आहे, तिला तेथे ‘रेस्ट सर्व्हिसेस’ म्हणतात. या ढकलण्यावरच विसंबू नये. आपला सर्व्हर वीज गेल्यामुळे बंद असताना आलेली नोंद निसटू शकते, म्हणून रात्री एकदा एपीआयने यादी मागवून ताळा करावा. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक स्वतंत्र ओळख मिळते, तिच्या आधारे दुबार नोंदी सहज वगळता येतात.

आपल्या बाबतीत खरी काळजी तारखेची घ्यावी लागेल. नोंद सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ आणि ती भरल्याची वेळ यांत आठवड्याचेही अंतर असू शकते. पोहोचण्याची वेळ घेऊन तक्ता केला, तर सोमवार ते शनिवारच्या सर्व गृहभेटी आठवडी बाजाराच्या एकाच दिवशी झाल्यासारखे दिसेल. म्हणून फॉर्म तयार करतानाच त्यात ‘स्टार्ट’ आणि ‘एंड’ या आपोआप भरणाऱ्या वेळा समाविष्ट कराव्यात व प्रोग्रामने त्याच वाचाव्यात. या वेळा फोनच्या घड्याळावरून येतात, आणि बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेला फोन नेटवर्कशिवाय सुरू झाल्यास काही वेळा त्याचे घड्याळ चुकीचे असते. यासाठी ‘भेटीची तारीख’ हा एक साधा प्रश्नही फॉर्ममध्ये ठेवावा आणि दोन तारखा जुळत नसतील तेवढ्याच नोंदी वेगळ्या काढून स्वयंसेवकाला विचाराव्यात.