थिओसिसला ‘सायुज्य’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतला ‘थिओसिस’ (माणसाने ईश्वरी जीवनात सहभागी होऊन देवासारखे होणे) हा शब्द मराठीत आणताना ‘सायुज्य’ लिहिले तर चालेल का? आणि ‘फेथ’साठी श्रद्धा घ्यावा की विश्वास?

‘सायुज्य’चा मोह मला कळतो. ईश्वराशी एकरूप होणे म्हटले की मराठी माणसाच्या ओठांवर तोच शब्द येतो. तरीही मी तो टाळेन. त्यात ‘युज्’ धातू आहे, म्हणजे मुळात अर्थ जोडले जाण्याचा, आणि जोडायला दोघे लागतात. पण सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चार मुक्तींतली ती शेवटची पायरी, त्यामुळे रूढीने तिला विलयाचा अर्थ चिकटला: थेंब सागरात गेला, थेंब उरला नाही. थिओसिसमध्ये माणूस उरतो. चौथ्या शतकात ख्रिस्ती आचार्य अथनेशियसने लिहिले की देव माणूस झाला तो माणूस देव व्हावा म्हणून. हे वाक्य इतके धीट आहे की त्याला लगेच मर्यादा घालावी लागते, आणि पूर्वेकडच्या आचार्यांनी ती घातलीही. भट्टीतले लोखंड लाल होते, उजळते, चटका देते, पण ते लोखंडच असते. हा दृष्टान्त त्यांच्याकडे जुना आहे.

म्हणून मला ‘सारूप्य’ अधिक जवळचे वाटते. माणूस देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला, पण देवाशी सादृश्य त्याला साधायचे असते, असा भेद बऱ्याच ग्रीक आचार्यांनी केला आहे. सारूप्यात ही वाटचाल दिसते. उणीव एवढीच की थिओसिस म्हणजे नुसते साम्य नव्हे, दैवी जीवनातला खराखुरा सहभाग आहे. तेव्हा पहिल्यांदा लिहिताना ‘ईश्वरसारूप्य, म्हणजे ईश्वरी जीवनात सहभाग’ असे उलगडून द्यावे.

हा शब्द सगळ्या ख्रिस्ती परंपरांना मात्र लावू नये. 1336मध्ये पोप बाराव्या बेनेडिक्टने जाहीर केले की शुद्ध झालेले आत्मे देवाचे तत्त्व समोरासमोर पाहतात. 1351मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या ऑर्थोडॉक्स धर्मसभेने आचार्य ग्रेगरी पलामासची बाजू उचलून धरली: देवाचे तत्त्व कोणालाही गाठता येत नाही, सहभाग मिळतो तो त्याच्या ‘एनर्गिया’त, म्हणजे त्याच्या कार्यात. अवघ्या पंधरा वर्षांत दोन बाजूंनी दोन उत्तरे! कॅथलिक संदर्भात म्हणूनच ‘दर्शन’ हा शब्द चपखल बसतो. मध्ययुगीन कॅथलिक आचार्य टॉमस अक्वायनसच्या मते तिथे बुद्धीच ईश्वरी महिमेच्या प्रकाशात देवाला पाहते. पलामासच्या ‘एनर्गिया’ला मात्र ‘ऊर्जा’ म्हणू नये, त्याने वीजघर आठवते. ‘क्रियाशक्ती’ बरा. सूर्यबिंब हाती येत नाही, पण अंगावर पडलेले ऊन सूर्याचेच असते.

प्रोटेस्टंट लेखनात साधे ‘ख्रिस्ताशी ऐक्य’ पुरे. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनला हे ऐक्य हवे होते, पण दैवी आणि मानवी तत्त्वांची सरमिसळ त्याने ठामपणे नाकारली.

आता श्रद्धा की विश्वास. लॅटिन ‘क्रेडो’ आणि आपला ‘श्रद्धा’ एकाच आदिम मुळातून आले आहेत. ‘हृदय ठेवणे’ असा त्याचा अर्थ लावतात. हे नाते मला फार सुंदर वाटते, पण केवळ तेवढ्यावरून शब्द ठरवता येत नाही. अक्वायनसची ‘फिदेस’ (‘फेथ’चा लॅटिन शब्द) ही इच्छेच्या प्रेरणेने बुद्धीने दिलेली संमती आहे, तिथे श्रद्धा शोभतो. मध्ययुगीन आचार्य अन्सेल्मचे ‘समजून घेऊ पाहणारी श्रद्धा’ हे सूत्रही त्याच शब्दात नीट उतरते. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरकडे सूर वेगळा आहे: 1520च्या पुस्तिकेत तो सांगतो की वधू वराशी जोडली जावी तसा आत्मा ख्रिस्ताशी जोडला जातो, आणि हे होते ते ‘फेथ’मुळेच. इथे दुसऱ्यावर भार टाकणे आहे, म्हणून विश्वास. भरवसा म्हटले तरी चालेल.

‘रीझन’साठी सरसकट ‘तर्क’ही नको. अनुमान करत पायरीपायरीने पुढे जाणारी शक्ती असेल तिथे तर्क ठीक. पण ऑर्थोडॉक्स साधनेत ‘नूस’, म्हणजे देवाला थेट जाणणारी आतली शक्ती, हृदयात उतरवावा असे सांगतात. तिथे ‘तर्क हृदयात उतरवा’ लिहिले तर वाक्यच कोसळते, आणि ‘बुद्धी’ही अवघडून बसते. मी ‘चित्त’ लिहीन.